चौगुलेवहिनींचा शब्द

डॉक्टरांनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमचं कौतुक करायला पाहिजे."

मी पदर सावरून नीट बसले. माझं कौतुक कुणी केलं की मला बसल्या जागी अवघडल्यासारखं व्हायचं, कारण सवयच नव्हती.

एक कागद आश्विनातला होता, दुसरा त्या दिवशीचा, चैत्रातला. डॉक्टर समजावून सांगू लागले. दारूनं हृदयाचा स्नायू ढिला पडतो, हृदय फुगतं आणि त्याच्यात रक्त पुढं ढकलायचा जोर राहत नाही. धडधाकट माणसाच्या हृदयात शंभर भाग रक्त असलं तर प्रत्येक ठोक्याला साठेक भाग बाहेर पडतं, ह्यांच्या हृदयातून सहा महिन्यांपूर्वी पंचवीस पडत होतं. म्हणून पाय सुजत होते, म्हणून आडवं झालं की धाप लागत होती. आणि आज तोच आकडा पंचेचाळीसवर आला होता. "औषध मी दिलं," डॉक्टर म्हणाले, "पण नुसत्या औषधानं एवढं होत नाही. दारू पूर्ण सुटली म्हणून झालं. आणि दारू सोडवणं डॉक्टरच्या हातात नसतं, घरातल्या बाईच्या हातात असतं."

आमचे हे तपासणीच्या पलंगाजवळ उभं राहून शर्टाची बटणं लावत होते. मान वर न करता म्हणाले, "हिचं काय नाही त्यात, डॉक्टर. चौगुलेवहिनींनी सोडवली."

चुकीचा पत्ता सांगणाऱ्याला बरोबर पत्ता सांगावा, इतक्या साधेपणानं ते बोलले. डॉक्टरांना चौगुलेवहिनी कोण ते माहीत नव्हतं. ते म्हणाले, असू दे, कुणी का सोडवली असेना, पण एक लक्षात ठेवा. हे हृदय अजून कच्चं आहे. एक दिवस, एक वेळसुद्धा चालणार नाही. ठोक्याची लय बिघडली तर आवरणं अवघड होईल.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. म्हणून तर सांगायला बसले आहे. पुढं जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं नाही.

ही गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची. कोल्हापुरात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. हे, रंगराव सुतार, एका फाउंड्रीत पॅटर्न मेकर होते. लोखंडाचं ओतकाम करायच्या आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, ते त्यांचं काम. हात इतका बारीक की केसाएवढा फरक पडायचा नाही. त्याच फाउंड्रीत भट्टीवर आनंदा चौगुले होते. दोघं एकाच दिवशी कामाला लागलेले आणि सुट्टी झाली की दारूच्या गुत्त्यात एकाच टेबलावर बसणारे. माझ्या लग्नानंतरच्या चौदा वर्षांत दोघांनी टेबल चुकवलं असेल तर दोनचारदाच.

ती चौदा वर्षं मी काय केलं नाही? सोळा सोमवार केले. जोतिबाला नवस बोलले. कुणीतरी दिलेला अंगारा आमटीत घातला. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, ती चार दिवस टिकली. दोन महिने माहेरी जाऊन राहिले, तर हे दर रविवारी भेटायला यायचे, तेही घेऊनच. पाय सुजायला लागले तेव्हा मी रडून रडून त्यांना डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी बजावलं, ह्यांनी मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी तोंडाला वास घेऊन घरी आले.

आनंदांना हृदयाचं दुखणं ह्यांच्या आधीच लागलं होतं. त्यांनी मात्र डॉक्टरांचं ऐकून दारू बंद केली होती. दोन महिने झाले होते. मग खंडेनवमी आली. फाउंड्रीत यंत्रांची पूजा झाली, नारळ फुटले, बकरं शिजलं, आणि त्या दिवशी आनंदा पुन्हा प्याले. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, बाहेर जायला निघाले, चपला पायात सरकवायला वाकले आणि तिथंच पडले. दवाखान्यात न्यायची गरजच राहिली नाही.

तेराव्याला आम्ही दोघं गेलो होतो. पानं उठल्यावर आनंदांची बायको अनुसया स्वयंपाकघराच्या दारात आली आणि म्हणाली, "भावजी, जरा आत या." हे आत गेले. तिनं दार लोटून घेतलं. मी बाहेर बायकांमध्ये बसले होते. आत काही रडणं नाही, मोठ्यानं बोलणं नाही. थोड्या वेळानं हे बाहेर आले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "चल."

त्या दिवसापासून दारू बंद.

पहिले आठ दिवस त्यांचे हात इतके थरथरत होते की चहाचा कप मी धरायचे. अंथरूण घामानं भिजायचं, ते मी बदलायचे. पण सोडली होती तिच्या शब्दावर. काय शब्द होता तो? मी विचारलं, तर म्हणाले, "काय नाही. सोडा म्हणाल्या." एवढंच? सोडा तर मीही म्हणत होते. चौदा वर्षं म्हणत होते.

आणि मग रविवार सुरू झाले. दर रविवारी दुपारी जेवण झालं की हे धुतलेला शर्ट घालायचे आणि चौगुल्यांच्या घरी जायचे. दोन तासांनी परत यायचे. काय केलंत म्हटलं तर म्हणायचे, बसलो होतो.

अनुसया माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला मूलबाळ नव्हतं. मी तिला अक्का म्हणायचे. रंगानं उजळ, केस कमरेखाली, आणि चालणं असं की कुणाची घाई नाही. हे सगळं मी आधीही बघितलं होतं, पण तेव्हा ते नुसतं दिसायचं. आता टोचायला लागलं. मी शिवणकाम करायचे. डॉक्टरांकडून आलो त्याच आठवड्यात ती चार ब्लाउज घेऊन माझ्याकडं आली. सैल झालेत, आत घ्यायचेत, म्हणाली. मी टेपनं मापं घेतली. नवरा जाऊन सहा महिने झालेली, निम्म्यानं वाळलेली ती बाई, आणि मी तिच्या अंगाभोवती टेप धरून मनात म्हणत होते की अजूनही हिची कंबर माझ्यापेक्षा लहान आहे. माझी मलाच लाज वाटली, पण वाटायचं काही थांबलं नाही.

"अक्का," मी म्हणाले, "तुमचा शब्द ह्यांनी पाळला बघा. काय सांगितलंत तेव्हा?"

ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "तुमच्या मालकांनाच विचारा."

"ते सांगत नाहीत."

"मग राहू दे."

चहासुद्धा घेतला नाही तिनं. मला वाटलं, जिच्या मनात काही नाही ती बाई असं तोडून बोलेल का?

पुढच्या रविवारी मी ह्यांच्या मागोमाग गेले. तिच्या घरासमोर एक पिठाची गिरणी होती. तिथं डबा घेऊन उभी राहिले. उन्हाळ्यामुळं तिचं दार उघडंच होतं. हे पाटावर बसले होते, भिंतीला पाठ लावून. ती समोर सुपात तांदूळ घेऊन निवडत होती. दोघं बोलत नव्हते. मी अर्धा तास उभी होते, दळण होऊन गेलं, तरी दोघांमधून एक शब्द आला नाही. ती अधूनमधून हात थांबवून त्यांच्याकडं बघायची, हे मान खाली घालायचे, आणि पुन्हा तांदूळ.

ते दोघं काही बोलत असते, हसत असते, तर मला इतकं लागलं नसतं. पण एवढ्या मुकाट्यानं समोरासमोर बसायला माणसांत किती जवळीक असावी लागते! आमच्या घरात असलं गप्प बसणं कधी नव्हतंच. आमच्याकडं माझी कटकट असायची नाही तर त्यांचं घोरणं. मी पीठ घेऊन घरी आले ती पेटूनच.

मे महिना होता, मुलगी सुट्टीला माझ्या माहेरी गेली होती. त्या आठवड्यात मी दुपारची स्टँडच्या पलीकडं गेले, जिथं मला कुणी ओळखत नव्हतं. डोक्यावरून पदर घेतला आणि दारूच्या दुकानाच्या जाळीपुढं उभी राहिले. ह्यांचा ब्रँड मला तोंडपाठ होता, चौदा वर्षं रिकाम्या बाटल्या मीच टाकल्या होत्या. दुकानदारानं क्वार्टर वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

रविवारी मी सुकं मटण केलं, भाकऱ्या केल्या. त्या दिवशी जेवणाआधीच हे धुतलेला शर्ट घालून तयार झाले, तर मी म्हणाले, "आज जाऊ नका."

"का?"

"मी म्हणते म्हणून."

आणि ताटाजवळ पेला ठेवला, बाटली ठेवली. ते मग हळू आवाजात म्हणाले, "मालन, डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलंयस."

"ऐकलंय. चौदा वर्षं मी नको म्हणत होते आणि तुम्ही घेत होता. तिनं एकदा नको म्हटलं आणि सोडलीत. तिच्यासाठी सोडलीत ना? मग माझ्यासाठी एकदा घ्या."

ते उभेच होते. मला वाटलं, आता बाटली उचलून मोरीत ओततील, मला एक ठेवून देतील आणि चालायला लागतील तिच्याकडं. तसं झालं असतं तर मी मोकळी झाले असते. पण ते खाली बसले. शर्टाच्या बाह्या दुमडल्या. म्हणाले, "मग तू पण बस समोर."

मी बसले.

आता जे सांगते ते कुणाला सांगण्यासारखं नाही. तो एक तास माझ्या संसारातला सगळ्यात सुखाचा तास होता. हे बोलत होते. वडिलांनी पहिल्यांदा हातात रंधा दिला ते, मला बघायला आले तेव्हा पायातली चप्पल तुटली होती म्हणून ती गल्लीच्या तोंडालाच काढून अनवाणी आले ते. मी हसत होते. आजवर हे सगळं बोलणं आनंदांनी ऐकलं होतं, टेबलावर. मला नेहमी टेबल उठल्यानंतरचा माणूस मिळायचा. आज पहिल्यांदा मी टेबलावर होते. आणि पलीकडच्या गल्लीत ती दाराकडं बघत बसली असेल, ह्या विचारानं मला अजूनच बरं वाटत होतं. मी स्वतः दुसऱ्यांदा ओतून दिली. तिसऱ्यांदाही.

चारच्या सुमाराला त्यांनी बोलता बोलता छातीवर हात ठेवला. "आत काय तरी फडफडालंय," म्हणाले. मी म्हटलं पडा जरा. पडले आणि लगेच उठून बसले, श्वास पुरेना. गळ्याजवळची शीर वेडीवाकडी उडत होती, शर्ट घामानं अंगाला चिकटला होता आणि ओठांचा रंग गेला होता. मी मनगट धरलं. नाडी धावत होती, मधेच थांबत होती, पुन्हा धावत होती. मी गल्लीत जाऊन ओरडले. शेजारच्यांनी रिक्षा आणली.

दवाखान्यात यंत्राच्या कागदावर नुसती गिचमीड उमटत होती. मिनिटाला एकशे सत्तर ठोके, तेही एकाला एक धरून नाहीत. डॉक्टर तेच होते. वास त्यांना आलाच. माझ्याकडं बघून म्हणाले, "किती घेतली ह्यांनी? कुणी दिली?"

मी तोंड उघडलं, पण त्या आधी तोंडावरचा ऑक्सिजनचा मुखवटा बाजूला करून हे म्हणाले, "मीच आणली. हिला माहीत नव्हतं."

त्यांना आत नेलं आणि काचेचं दार लागलं. नर्सनं सांगितलं की औषधानं ठोका नाही उतरला तर विजेचा झटका द्यावा लागेल. तासाभरानं दिला. मी बाहेरच्या बाकावर होते. मला तो आवाज आला नाही, पण मी सारखी ऐकायचा प्रयत्न करत होते.

सकाळी अनुसया आली. फाउंड्रीतल्या माणसांकडून तिला कळलं होतं. बाकावर माझ्याशेजारी बसली.

"कसं हाय?"

"ठोका जाग्यावर आलाय. अजून आत ठेवलंय."

"घेतली व्हय त्यांनी?"

"होय."

"कुणासंगं?"

मी म्हणाले, "मी दिली, अक्का. मी आणली आणि मीच ओतली."

तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.  मी सांगत सुटले. डॉक्टर काय म्हणाले, मी गिरणीपाशी कशी उभी राहिले, ते दोघं कसे बसले होते, सगळं. शेवटी म्हणाले, "तुमच्यावर जळत होते मी."

"माझ्यावर?" ती म्हणाली. "त्यात जळण्यासारखं काय होतं, ते तरी ऐका."

आणि तेराव्याला स्वयंपाकघरात ती काय बोलली ते तिनं मला सांगितलं.

"खंडेनवमीला माझ्या मालकाच्या हातात पेला तुमच्या मालकांनी दिला. आमचे हे नको नको म्हणत होते. भट्टीवरल्या चारजणांनी मला सांगितलं. मी भावजींना म्हटलं, तुम्ही आता मरायचं नाही. तुम्ही पिऊन मेलासा तर मी राग कुणावर काढू? तुमचा दोस्त गेला, तुम्ही सुटाल, मी एकटी राहीन राग घेऊन. ते चालायचं नाही. दारू सोडायची, जगायचं, आणि दर रविवारी माझ्यासमोर येऊन बसायचं. माझा माणूस ज्याच्यामुळं गेला तो मला डोळ्यांनी दिसला पाहिजे."

 गिरणीतून दिसलेलं ते गप्प बसणं आता मला कळत होतं.

"सहा महिने मी त्यांच्याशी बोलले नाही," ती म्हणाली. "पाणीसुद्धा विचारलं नाही. एकदा ते आपणहून म्हणाले, वहिनी, दारू सोडली तसा आनंदा थेट घरी जायला लागला. माझ्याशी बोलायला त्याच्याकडं वेळ नव्हता. तुमच्यावर जळायचो मी. वाटलं, एक पेला घेतला तर घटकाभर बसेल. ते ऐकून मी मनात म्हटलं, असल्या कारणासाठी कोण जीव घेतं व्हय? खोटं वाटलं मला ते." मग जरा थांबून तिनं विचारलं, "तुम्ही का दिलीसा?"

 मी म्हणाले, "घटकाभर माझ्यापाशी बसतील म्हणून."

ती उठली. काचेच्या दारापाशी जाऊन तिनं आत पाहिलं. परत आली तेव्हा डोळे कोरडेच होते. "बरे झाले की त्यांना सांगा," म्हणाली, "रविवारी यायची गरज न्हाई."

त्यानंतर ती फार दिवस कोल्हापुरात राहिली नाही. भावाकडं कऱ्हाडला गेली. हे मात्र अकरा वर्षं जगले. हृदय पुरतं कधी भरून आलं नाही, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागायचं, पण दारूला पुन्हा हात लावला नाही. मुलीचं लग्न त्यांनी उभं राहून केलं. गल्लीतल्या बायका मला विचारायच्या, तुम्ही कशी सोडवलीत हो? मी काही सांगायचे नाही.

हे दवाखान्यातून घरी आले त्यानंतरचा पहिला रविवार. जेवण झालं, आणि सवयीनं हे धुतलेला शर्ट घालून दारापाशी गेले. मग मी दिलेला अक्कांचा निरोप त्यांच्या लक्षात आला. उंबऱ्यात उभे राहिले, कुठं जायचं ते न कळल्यासारखे. मी म्हटलं, या, बसा. ते येऊन भिंतीला पाठ लावून बसले. मी समोर बसले. हातात निवडायला काही घेतलं नाही.

"का घेतलीत?" मी विचारलं. "तुम्हाला माहीत होतं की."

ते म्हणाले, "नको म्हणायचीस तेव्हा तू रडायचीस, उपास करायचीस. ते बघितलं की मला बाहेर पळावंसं वाटायचं. त्या दिवशी तू रागावली होतीस. पहिल्यांदा. वाटलं, हिचं ऐकलं पाहिजे."

"पहिल्यांदा?" मी म्हणाले. "चौदा वर्षं रागावलेय मी."

"मग कधी बोलली नाहीस."

"बोलू आता?"

त्यांनी मान डोलावली. मी लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्यापासून सुरुवात केली, जेव्हा मी गुढी उतरवायला ह्यांची वाट बघत थांबले होते आणि हे रात्री दहाला आले होते. एकेक सांगत गेले. आवाज चढला तसा चढू दिला. शेजारच्यांनी ऐकलं असेल तर ऐकू दे म्हटलं. ते मधे एकदाही बोलले नाहीत, उठलेही नाहीत. दिवेलागणीची वेळ झाली तेव्हा मी अजून सहाव्या वर्षापाशीच होते.

मी दिवा लावायला उठले, तर ते म्हणाले, "सातवं राहिलं की."